गाडीचा पहिला हार

खाली पडलेलं फूल आमच्याकडे हारात ओवत नाहीत. वास घेतलेलं नाही, ओलांडलेलं नाही, आणि जमिनीला टेकलेलं तर नाहीच. मखमलाबादच्या बाजूला ज्या घरांच्या दारात झेंडूचे ढीग पडतात, तिथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. ढीग ताडपत्रीवर पडतो. ताडपत्रीच्या कडेबाहेर जे फूल गेलं ते गेलं. ते बकऱ्या खातात.

मी या घरात आले ती बी.ए. होऊन आले. माझ्या माहेरी भाजीपाला. वडील अंगठा उठवायचे, आईवर तर तीही वेळ कधी आली नाही. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. हे मी जिथे तिथे सांगते असं नवरा म्हणतो. सांगतेच. फुकट मिळालेलं नाही ते. लग्नाच्या बैठकीत मी स्वतः तोंड उघडून एकच अट घातली होती, की शाळेतली नोकरी सोडणार नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाई मात्र म्हणाल्या, "कर की नोकरी. पण सकाळचा हार चुकवायचा नाय."

सकाळचा हार म्हणजे गाडीचा. नवरा उजाडायच्या आत टेम्पोत माल भरून फुलबाजारात जातो. आमचा माल, शेजारच्या दोन घरांचा माल. टेम्पोच्या पुढच्या काचेपाशी तळहाताएवढा गणपती चिकटवलेला आहे. दिवसाचा पहिला हार त्याला. तो घातल्याशिवाय किल्ली फिरत नाही आणि घरात कुणाला चहा मिळत नाही. सासऱ्यांच्या काळात टेम्पो नव्हता, सायकल होती, तेव्हा तो हार हँडलला असायचा. सासरे काही सायकलवरून पडून गेले नाहीत, अंथरुणात गेले, म्हणून सासूबाईंचा त्या हारावर पक्का विश्वास.

माझी लेक सातवीत असताना तो हार तिच्याकडे आला. कुणी दिला नाही, तिनेच मागून घेतला. आंघोळ करून, केस वर बांधून, ताडपत्रीच्या कोपऱ्यावर मांडी घालून बसायची. तिची बोटं माझ्यापेक्षा चपळ. फुलं एकसारखी निवडायची, हार असा भरायचा की मधला दोरा दिसायचा नाही. बाजारातली गिऱ्हाइकं नवऱ्याला म्हणायची, गाडीला लावलाय तसला हार दे.

आठवीत तिला पहिल्यांदा पाळी आली. आमच्यात चार दिवस फुलांना हात लावत नाहीत. तिनेही नाही लावला. पाचव्या दिवशी न्हाऊन आली, बसायच्या आधी हात धुतले. बसली, परत उठली, परत धुतले. मी चहाचं आधण ठेवत होते. मला वाटलं, काही चिकटलं असेल.

पुढे ते रोजचं झालं. सासूबाईंना कोण कौतुक! शेजारणीला बोलावून दाखवायच्या. "बघ, पोर बघ. आधी हात धुती, मग हाताला लागलेलं पाणी धुती."

शेजारीण हसून लोटपोट. "आमची कार्टी दात घासायला रडती. हिला धाडा आमच्याकडं आठ दिवस."

"नाय बाई. आमच्या गाडीला कोण हार करील?"

तिला वेगळा पाट मिळाला. वेगळी कळशी मिळाली, तिला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. सुईला कुणी हात लावला तर ती नवी सुई घ्यायची. कडेबाहेर टाकलेल्या फुलांचा ढीग वाढत चालला. ताडपत्रीवरची धडधाकट फुलंसुद्धा ती बाजूला टाकायची, टेकलं असेल म्हणून. नवरा म्हणायचा, "अशानं बाजारात फुलं नाही, बकऱ्याच न्यायला लागतील मला." हसायचो सगळे. ती नाही हसायची.

हात फुटायला लागले तेव्हा आम्ही हसायचं थांबलो. बोटांच्या पेरांना चिरा, त्यातून रक्त. पंचवटीतल्या कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलम दिलं, साबण बदलून दिला, मला म्हणाले, भांडी घासायला लावू नका मुलीला. मी म्हटलं, आमच्याकडे मुलगी भांडी घासत नाही, मी घासते. मलम लावलं की ते चिकट वाटतं म्हणून ती परत धुवायची. दर खेपेला डॉक्टर मलम बदलायचे आणि आम्ही घरी यायचो. हाताला काय झालं एवढंच सगळे बघत होते, मीसुद्धा.

मग प्रश्न सुरू झाले.

"मम्मी, हे फूल टेकलं का? तू बघत होतीस ना?"

"नाही टेकलं."

"नक्की?"

"नक्की."

"मग तू तेव्हा गॅसकडे का बघितलंस? तुला दिसलं नसेल."

"दिसलं मला. नाही टेकलं."

"देवाशप्पथ म्हण."

म्हटलं. किती वेळा म्हटलं याला गणती नाही. शपथ घेतली की तिचा चेहरा जरा मोकळा व्हायचा, पण सुईत पुढचं फूल जाईपर्यंतच. हार पुरा होईना. पप्पा गाडीपाशी खोळंबलेले, बाजार भरून गेलेला, आणि ही अर्धा झालेला हार तोडून पहिल्यापासून ओवतेय. तिला उठवायला गेलं की अशी ओरडायची की शेजारची कुत्री भुंकायची.

नववीत शाळा सुटली. ती शाळा माझी, मी तिथे पाचवी-सहावीला शिकवते. बेंचवर बसायचं नाही, कुणाची वही हातात घ्यायची नाही, मधल्या सुट्टीत नळापासून हलायचं नाही. पोरं नळाशी रांग लावून तिची नक्कल करायला लागली. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एरवी ते आम्हाला उभ्याउभ्याच बोलतात. म्हणाले, मॅडम, थोडे दिवस घरीच राहू द्या तिला. मी "बरं" म्हटलं आणि सहावीच्या वर्गात जाऊन नद्यांचा धडा शिकवला.

घरात मग जो तो बोलायला लागला. नणंद सिन्नरला दिलेली. तिचा फोन आला की स्पीकरवर टाकायची पद्धत आहे आमच्याकडे, त्यामुळे जे ती आईला सांगायची ते मलाही ऐकू यायचं. त्यासाठीच सांगायची बहुतेक. "आई, तिला बाहेरचं हाय. त्र्यंबकला न्या, शांत करून आणा."

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "बाहेरचं काही नाही. डॉक्टरला दाखवायचंय. डोक्याच्या."

"वहिनी, उद्या तिचं लग्न करायचंय. डोक्याच्या डॉक्टरची पायरी चढली की संपलं. आणि तुमच्या डिग्रीनं पोर बरी होणार असती तर एव्हाना झाली असती."

मी फोन बंद केला. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवरा मध्ये अडकलेला. त्याने तोडगा काढला, की आधी त्र्यंबकला जाऊ, मग तुझ्या डॉक्टरकडे. मी ऐकलं. भांडायचा जोर उरला नव्हता.

त्र्यंबकला कुंडात आंघोळ करून मग पूजेला बसायचं होतं. सुट्टीचा दिवस, पायऱ्यांवर माणूस माणसाला चिकटलेलं. लेक माझा पदर धरून तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत आली आणि तिला पाणी दिसलं. पाण्यावर फुलं तरंगत होती. झेंडू, शेवंती, पायदळी आलेली, किती जणांच्या अंगावरून वाहत आलेली. तिचं अंग ताठ झालं. आधी काहीतरी पुटपुटत राहिली, मग तोंड उघडून जी किंकाळी फोडली तशी मी आईच्या पोटातून आल्यापासून ऐकली नव्हती. मान हलतेय, केस सुटलेत, डोळे पांढरे.

पाठीमागून एक बाई ओरडली, "आली! आई आली अंगात!" आणि गर्दी फुटून लोक आमच्याभोवती जमले. हात जोडलेले. ती बाई पुढे झाली, माझ्या लेकीच्या पायावर डोकं ठेवलं, मूठभर हळदकुंकू पायावर ओतलं. दुसरीने तिच्या हातात नारळ कोंबला. कुणीतरी विचारत होतं, "माझ्या पोराला नोकरी कधी लागंल, माय?" जिला कुणी नुसतं बोट लावलं तरी चालत नव्हतं, तिला चहूबाजूंनी हात लागत होते. ती पाय दगडावर घासत होती, हळदकुंकू जावं म्हणून. घासत राहिली. त्या लाल रंगात रक्त कुठलं आणि कुंकू कुठलं कळेना.

नवऱ्याने तिला लहान पोरीसारखं उचललं आणि गर्दीत खांदा घालून बाहेर काढलं. सासूबाई मागून चपला हातात घेऊन पळत आल्या. पूजा राहिली. टेम्पो परत निघाला. सातपूर आलं, कारखान्यांच्या पाट्या दिसायला लागल्या, तेव्हा नवरा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "उद्या तुझ्या डॉक्टरकडं."

दवाखाना गंगापूर रोडला, मोठ्या इमारतीत वरच्या मजल्यावर. खाली कपड्यांचं दुकान. वेटिंगमध्ये बसलो तर समोर नवऱ्याचं नेहमीचं गिऱ्हाईक, मंगल कार्यालयं सजवणारा माणूस, शेजारी मान खाली घातलेला तरणा मुलगा. दोघांची नजरानजर झाली.

"इकडं कुठं, शेठ?"

"एसीचं काम होतं जरा. तुम्ही?"

"आम्हीपण. एसीच्याच."

आमच्या घरात पंख्यालाही रेग्युलेटर नाही. पण त्या दिवसापासून तो माणूस बाजारात नवऱ्याशी भावात घासाघीस करत नाही. विचारत काही नाही, फक्त पाठीवर हात ठेवतो.

डॉक्टर वयाने माझ्याहून लहान बाई. तिने लेकीला एकटीला आत घेतलं. बराच वेळ. मग आम्हाला बोलावलं आणि लेकीला विचारलं, मी सांगू की तू सांगतेस? लेक भिंतीकडे बघत म्हणाली, तुम्ही.

"तिला असं वाटतं," डॉक्टर म्हणाली, "की टेकलेलं एक जरी फूल गाडीच्या हारात गेलं तर पप्पांना अपघात होईल. आणि तो तिच्यामुळे झालेला असेल. पप्पा परत येईपर्यंत ती रोज हे सहन करते. आठवीपासून."

म्हणजे आम्ही ज्याला सोवळं म्हणत होतो ते हे होतं. लहानशी पोर रोज पहाटे बापाचा जीव सुईत ओवत बसलेली, आणि आम्ही शेजारीण बोलावून दाखवत होतो.

नवरा हसायला गेला, हसू अर्ध्यात मोडलं. "अगं येडे, मी गाडी चाळीसच्या वर नेत नाही. काय होतंय मला?"

"हे," डॉक्टर म्हणाली. "आत्ता बोललात ना, हेच बंद करायचं."

तिने आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. मग म्हणाली, आपल्याकडे जुना शब्द आहे, मंत्रचळ. दर वेळी तुम्ही काही होणार नाही म्हणता, शपथा घेता, तेव्हा तिला घडीभर बरं वाटतं आणि आजार जेवून तगडा होतो. त्याला उपाशी ठेवायचं. गोळी सुरू करू, तिला वेळ लागेल. पण उत्तरं आजपासून बंद. पाळीमुळे, फुलांमुळे, तुमच्यामुळे हा आजार झालेला नाही, तो जिथे जागा मिळेल तिथे बसतो. तुमच्या घरात फुलं होती, फुलांवर बसला.

घरी येऊन मी सासूबाईंना तो जुना शब्द सांगितला. त्या चमकल्या. "मंत्रचळ? आमच्या माहेरी एका म्हातारीला होता. दारं लावायची, उघडायची, लावायची. लोक हसायचे." मग म्हणाल्या, "शेवटी विहिरीत गेली ती." आणि उठून आत गेल्या. त्या दिवसापासून डॉक्टरच्या नावाने त्यांनी बोटं मोडली नाहीत.

उत्तर न देणं म्हणजे काय असतं ते मी सांगू शकत नाही. मी शिक्षक आहे. विचारलेल्याचं उत्तर देणं हेच मी आयुष्यभर केलं. डॉक्टरने वाक्य शिकवलं होतं, तेवढंच म्हणायचं: हे आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही.

"मम्मी, एकदाच. शेवटचं."

"हे आजार विचारतोय."

"मी विचारतेय! मी! तुझी मुलगी!"

"मी उत्तर देणार नाही."

"वर्गात पोरांनी विचारलं की सांगतेस ना? त्याचा पगार मिळतो म्हणून?"

मी भाकरी थापत राहिले. ती माझ्या पायाशी बसून कपाळ ओट्यावर आपटायला लागली. मी हात मध्ये घातला, तिचं कपाळ माझ्या पिठाच्या हातावर आपटत राहिलं, पण "नाही टेकलं" एवढे दोन शब्द मी तिला दिले नाहीत. नवरा मागच्या दाराने गोठ्यात निघून गेला. त्याला ते जमायचं नाही. तो पळून जायचा, मी उभी राहायचे. घरात कुणीतरी उभं राहायला लागतं.

गोळ्यांनी ती आधी नुसती झोपायची. सासूबाई म्हणायच्या, पोर मंद केली. मग हळूहळू, इतकं हळू की आमच्या लक्षातही आलं नाही, तासभर चालणारी आंघोळ आटोपशीर झाली. आमच्याबरोबर ताटावर बसायला लागली. डॉक्टरने पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. आधी दाराची कडी धरून हात न धुता बसायचं. मग ताडपत्री. मग आजीची सुई. मन कितीही ओरडलं तरी उठायचं नाही, ते आपोआप ओसरेपर्यंत बसायचं. ती बसायची. दात आवळून, मांड्यांखाली हात दाबून. माझ्या लेकीएवढं धैर्य मी कुणात बघितलं नाही, आणि त्याचं कौतुक करायला शेजारीण बोलावता येत नव्हती.

सगळ्यात वरची पायरी तिने स्वतः सांगितली. टेकलेलं एक फूल गाडीच्या हारात ओवायचं, तो हार गाडीला घालायचा आणि पप्पांना जाऊ द्यायचं.

डॉक्टर म्हणाली, आजीला घेऊन या. सासूबाई नऊवारीचा काष्टा सावरून खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"डॉक्टरीणबाई, देवाला खालचं फूल? आन् त्या गाडीत माझं लेकरू बसतं."

"म्हणूनच तुम्हाला विचारतेय, आजी. तुम्ही नको म्हणालात तर हे करायचं नाही, दुसरं काही शोधू. पण हो म्हणून मागून काही बदललं तर पोरीचं फार नुकसान होईल."

सासूबाई नातीकडे बघत राहिल्या. तिचे हात मांडीवर होते, खपल्या धरलेले. "हो म्हणलं," त्या म्हणाल्या. "हो म्हणलं ना मी."

ज्या सकाळी केलं त्या सकाळी लेकीने फूल स्वतः ताडपत्रीबाहेर टाकलं. मातीला लागलेलं उचललं. सुई दोनदा निसटली. ओवलं. गाठ मारली. नवऱ्याने हार गाडीला घातला, माल चढवला, पाणी प्यायला आत आला, मग गेला. तो परत येईपर्यंत ती ओसरीवर बसून होती, पांढरीफटक. तो आल्यावर रडली, आणि मग दुपारभर झोपली. तशी झोप मी तिची वर्षभरात बघितली नव्हती. मी शाळेतून येताना पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी वाळलेला हार काढायला ती स्वतः गाडीत चढली. हार हातात घेतला आणि तशीच उभी राहिली.

"हा माझा नाही."

आम्हाला कुणालाच ते कळलं नसतं. पण आजी दोऱ्याच्या टोकाला पीळ देऊन गाठ मारते, ही सरळ मारते. नवरा पाणी प्यायला आत आला होता तेवढ्यात बदललेला हार.

सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. मान वर केली नाही. "मी हो म्हणले," त्या म्हणाल्या, "पण काळीज हो म्हणंना. त्या गाडीत माझं लेकरू बसतं."

लेक ओरडली नाही. तेच भयंकर होतं. अगदी हळू म्हणाली, "म्हणजे खरं आहे. आजीला पण माहितीये."

त्यानंतरचे महिने मला नीट सांगता येणार नाहीत, आणि सांगायचेही नाहीत. ती टेम्पोच्या चाकापुढे आडवी झोपायला लागली, पप्पांना जाऊ द्यायचं नाही म्हणून. माल दारात सडला. एके दिवशी तिने फिनेलने हात धुतले, पातळ न करता, आणि आम्ही तिला दवाखान्यात घेऊन धावलो. काही दिवस तिथेच ठेवावं लागलं. तिच्या वर्गाची दहावीची परीक्षा आली, गेली. नवरा आईशी बोलायचा बंद झाला. जेवायला वाढायच्या तर ताट सरकवून उठायचा. मीही त्यांना वाट्टेल ते बोलले. बी.ए. झालेल्या बाईच्या तोंडात शोभणार नाही असं. त्या ऐकून घ्यायच्या. डॉक्टर एकटीच शांत होती. म्हणायची, मागे आलोय, संपलं नाहीये. खालच्या पायरीपासून परत.

परत सुरू केलं. दाराची कडी. ताडपत्री. पण हाराचं नाव कुणी काढायचं नाही. गाडी बिनहाराची जायची, तेही लेकीला चालायचं नाही, तिचं तोंड उतरलेलं असायचं. नवरा मागल्या रस्त्याने गाडी ढकलत न्यायचा, इंजिनाचा आवाज तिला येऊ नये म्हणून.

मग यंदा थंडीत एका सकाळी मी ओसरीवर आले तर सासूबाई ताडपत्रीवर बसलेल्या, लेक उंबऱ्यावर, फुटलेले हात मोज्यांत. नवरा माल चढवत होता. सासूबाईंनी ढिगातून एक झेंडू उचलला आणि नातीला दिसेल असा हात लांब करून कडेबाहेरच्या मातीत ठेवला. वरून तळवा दाबला.

"बघ," त्या म्हणाल्या. "टेकलं. डोळ्यांनी बघ, मग कुणाला इचारायला नको."

ते चेपलेलं फूल त्यांनी सुईत घेतलं. त्याच्या पुढे-मागे चांगली फुलं ओवली, टोकाला आपला पीळ दिला. उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत टेम्पोपाशी गेल्या आणि हार गणपतीला घातला. हार एकदा निसटून सीटवर पडला. परत घातला. नवरा बघत उभा होता. किती दिवसांनी आईकडे सरळ बघत होता.

"जातो," तो म्हणाला.

आमच्याकडे कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. सासूबाईंचे ओठ हलले. 'येतो म्हण' हे त्यांनी आतल्या आत गिळलेलं मी बघितलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

गाडी गेली. आम्ही तिघी ओसरीवर.

"आजी, पप्पांना काही होणार नाही ना?"

सासूबाई म्हणाल्या, "मला ठाव नाय, बाई. मलाबी लय भ्या वाटतंय."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिला असं कुणी म्हणालं नव्हतं. ती उठली, नळापर्यंत गेली, तोटीला हात लावला आणि उभी राहिली. परत येऊन बसली. मांड्यांखाली हात दाबले.

ऊन अंगणात आलं. शाळेची व्हॅन गेली, माझी वेळ टळली. एरवी त्या वेळेला तो परत आलेला असतो. फोन माझ्या हातात होता. फोन करायचा नाही, हाही डॉक्टरचा नियम. पदवी माझी भिंतीवर, फ्रेममध्ये, आणि माझे कान टेम्पो येतो त्या कालव्याच्या पुलाकडे लागलेले.

"मम्मी, लाव ना फोन."

"नाही."

"तुलापण वाटतंय ना?"

मी फोन जमिनीवर पालथा ठेवला. सासूबाई उगाच पदराला गाठी मारत होत्या आणि सोडत होत्या.

मग पुलावर टेम्पो दिसला. नवरा उतरला, आम्हाला तिघींना तसंच बसलेलं बघून म्हणाला, "काय झालं? अमृतधामला ट्रॅफिक लागलं होतं." लेकीने त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, जसा माल तपासतात. मला वाटलं आता रडेल, झोपेल, मागच्यासारखी.

"आज आले," ती म्हणाली. "उद्याचं काय?"

नवऱ्याने तोंड उघडलं. मी मान हलवली. त्याने मिटलं. तो गोठ्याकडे पळाला नाही, तिथेच पायरीवर बसला.

सासूबाईंनी ताडपत्री झटकली. कडेबाहेर पडलेली फुलं बकऱ्यांना टाकायला टोपलीत गोळा केली आणि त्यातलं एक उचलून उंबऱ्यावर, लेकीच्या मांडीशेजारी ठेवलं. लेकीने ते उचललं नाही. लोटलंही नाही.